पोटमाळ्यावरची रेघ

मागच्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात सजावटीचा विषय होता मिरवणूक. पुठ्ठ्याचे भालदार-चोपदार झाले, कागदाच्या लगद्याचा हत्ती झाला, आणि मग सजावट समितीतल्या एका ताईंनी मला गाठलं. "तू इंजिनीअर ना रे? मग तुझ्या त्या प्रिंटरवर एक तुतारी काढून दे. फार मोठी नको, हातभर." चार पोळ्या जास्त लाट म्हणावं, इतक्या सहज सांगितलं. मीही दोन तासांचं काम म्हणून हो म्हटलं.

दोन तासांचे तीन रविवार झाले. कारण तुतारीला सरळ बाजू म्हणून नाहीच. तोंडाशी ती बोटाएवढी असते, पुढे रुंद होत जाते आणि रुंद होता होता वळते. कॅडच्या सॉफ्टवेअरमध्ये सळई काढणं सोपं असतं. वर्तुळ काढायचं आणि ओढायचं. तांब्या काढणंही सोपं. एका बाजूची कड काढायची आणि कुंभाराच्या चाकासारखी अक्षाभोवती फिरवायची. पण जी वस्तू बाकदारही आहे आणि निमुळतीही, ती नुसती ओढून होत नाही की फिरवून होत नाही. तिच्यासाठी एक वेगळी आज्ञा आहे, 'लॉफ्ट'. आधी तुतारीचा बाक दाखवणारी रेघ काढायची, तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने लहानमोठी वर्तुळं उभी करायची, आणि सॉफ्टवेअरला सांगायचं की या सगळ्यांवरून एक कातडं ताणून बसव.

मी अकरा वर्तुळं उभी केली. जितकी वर्तुळं जास्त तितकं काम अचूक, असा माझा हिशोब. कातडं बसलं, पण तुतारी अशी दिसायला लागली की जणू अजगरानं ओळीनं चार-पाच उंदीर गिळलेत. प्रत्येक वर्तुळ आपल्या जागी बरोबर आणि दोन वर्तुळांच्या मध्ये फुगवटे.

त्या वैतागात मला पहिल्यांदाच प्रश्न पडला, की या आज्ञेला लॉफ्ट का म्हणतात? मुंबईत वाढलेल्या माणसाला लॉफ्ट म्हणजे बाथरूमवरचा पोटमाळा. पितळेची भांडी, जुन्या गाद्या आणि कुणाची तरी ट्रंक ठेवायची जागा. वीस वर्षं ही आज्ञा वापरतोय, पण पोटमाळ्याचा आणि तिचा काही संबंध असेल असं कधी मनात आलं नव्हतं. शोधायला गेलो तर उत्तर खरोखरच माळ्यावर सापडलं.

जहाज बांधायच्या गोदीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, छपराखाली, लांबच लांब मोकळं दालन असे. त्याची जमीन गुळगुळीत फळ्यांची, बऱ्याच ठिकाणी काळी रंगवलेली. त्याला 'मोल्ड लॉफ्ट' म्हणत, म्हणजे फर्म्यांचा माळा. त्या जमिनीवर जहाज पूर्ण मापात काढलं जाई. जहाज फार लांब असेल तर पुढचा आणि मागचा भाग एकावर एक, वेगवेगळ्या रंगांत.

पूर्ण मापात का? कागदावरच्या आराखड्याचा भरवसा नसे म्हणून. ब्रिटिश नौदलाचे आराखडे साधारणपणे १:४८ या प्रमाणात असत, म्हणजे एका फुटाला पाव इंच. अशा कागदावर शाईची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तरी प्रत्यक्ष जहाजावर ती २४ मिलिमीटर होते. जवळजवळ इंचभर! रेघेच्या अलीकडच्या कडेनं माप घेतलं की पलीकडच्या, एवढ्यावरून दोन शेजारच्या फासळ्यांत इंचाचा फरक पडला, तर त्यांच्यावर फळी बसणारच नाही. कागद जहाजाचा साधारण आकार सांगतो, नेमका आकार माळ्यावर ठरतो.

तो ठरवायचं हत्यार अगदी साधं होतं. एक लांब, लवचीक लाकडी पट्टी. कागदावरून मोजून घेतलेले बिंदू जमिनीवर मांडायचे, तिथे खिळे ठोकायचे आणि पट्टी त्यांच्या बाजूनं वाकवून बसवायची. मग कारागीर गुडघ्यावर बसून, डोकं जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून त्या पट्टीच्या कडेनं बघे. कुठे रेघ अडखळत्येय का? एखादा खिळा पट्टीला उगीच ढकलतोय का? संशय आला की तो खिळा काढायचा. पट्टी टण्‌कन उडून दुसरीकडे बसली, तर खिळाच चुकला होता; पट्टीचं बरोबर. या गुणाला जहाजवाल्यांच्या इंग्रजीत 'फेअर' म्हणतात. मराठीत मला त्याच्यासाठी 'सफाई' हाच शब्द जवळचा वाटतो. गवयाच्या तानेला असते किंवा बाईच्या हातच्या रांगोळीला असते ती सफाई.

पट्टी बसली की रेघ मारायची. पण ती रेघ जहाजाच्या एकाच बाजूची. तीच वक्रता वरून बघताना आणि समोरून बघतानाही जुळली पाहिजे. एकीकडे पाव इंच सरकवलं की बाकी दोन्हीकडे सरकतं. म्हणून मोठ्या जहाजाची सफाई करायला कित्येक आठवडे लागत. ती झाली की जमिनीवरच्या रेघांवरून पातळ फळ्यांचे फर्मे कापायचे, आणि ते फर्मे खाली अंगणात सुतारांकडे जायचे.

नकाशे काढणाऱ्यांच्या टेबलावर हाच प्रकार लहान आकारात चाले. तिथे खिळ्यांऐवजी शिशाची वजनं असत. पुढे चोच काढलेली, फुगीर पाठीची, म्हणून त्यांना 'बदकं' म्हणत. आणि त्या बारीक पट्टीचं नाव होतं 'स्प्लाइन'. ज्यांनी कॅड वापरलंय त्यांच्या कानाला हा शब्द ओळखीचा वाटेल. स्प्लाइन काय, लॉफ्ट काय, आपण पडद्यावर ज्याला गणित समजतो त्या गोष्टींची नावं अशी सुतारांच्या माळ्यावरून आलेली आहेत.

या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. ज्याला बाक कळला आहे त्याच्याकडून, ज्याला तो घडवायचा आहे त्याच्याकडे, तो पोचवायचा कसा? दोघं एकच असतील, किंवा बाप आणि मुलगा असतील, तर अडचण नाही. कोकण किनाऱ्यावर होड्या बांधणारे सुतार पिढ्यान् पिढ्या कागदाशिवाय बांधत आले. हिंदी महासागराच्या काठावर बऱ्याच ठिकाणी आधी फळ्यांचं कवच उभं राही आणि मग आतून फासळ्या बसत. आकार नजरेत आणि हातात. व्हेनिसच्या गोदीत पंधराव्या शतकात याच्या एक पाऊल पुढची युक्ती होती. मधल्या, सगळ्यात रुंद फासळीचा एकच फर्मा, आणि जोडीला खुणा केलेली काठी. पुढे किंवा मागे जाताना प्रत्येक फासळीला फर्मा किती आत सरकवायचा ते काठीवरच्या खुणा सांगत. निमुळतेपण एका काठीत साठवलेलं!

इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात मॅथ्यू बेकर नावाचा जहाजबांधणीतला उस्ताद होता. त्याची चित्रं असलेली वही केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात, सॅम्युएल पीप्सच्या ग्रंथसंग्रहात, आजही आहे. त्यातलं एक चित्र प्रसिद्ध आहे. जहाजाच्या पाण्याखालच्या अंगावर त्यानं एक भलामोठा मासा काढलाय. डोकं कॉडचं, शेपटी बांगड्याच्या जातीची. म्हणजे पुढे गोलसर भरीव आणि मागे निमुळतं. मला या चित्राची गंमत वाटते ती अशी, की वहीच्या बाकीच्या पानांवर कंपासनं काढलेल्या कमानी आणि आकडे आहेत, आणि तरीही 'हे असं दिसलं पाहिजे' हे सांगायला त्याला मासाच काढावासा वाटला.

कागदावर काढलेला आकार प्रवास करू शकतो. त्यातला धोका आणि फायदा दोन्ही मुंबईच्या एका जहाजानं अनुभवलेत.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या गोदीत एचएमएस ट्रिंकोमाली उभी आहे. अजूनही पाण्यावर तरंगणारी ही सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका. लांबी सुमारे १५० फूट, रुंदी ४० च्या आसपास, अंग मलबारच्या सागवानाचं, आणि जन्म मुंबईच्या गोदीत, १२ ऑक्टोबर १८१७ चा. बांधणारे वाडिया. या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. त्यांचे नातू जमशेटजी बोमनजी यांच्या देखरेखीखाली ट्रिंकोमाली झाली. नेपोलियनशी चाललेल्या लढायांत इंग्लंडात ओकचं लाकूड कमी पडू लागलं होतं, आणि मुंबईचं सागवानी जहाज टिकाऊ असतं हे नौदलाला कळून चुकलं होतं.

आकार मात्र ना मुंबईचा ना लंडनचा. तो फ्रेंच होता. १७८२ साली ब्रिटिशांनी 'हेबे' नावाची नवीकोरी फ्रेंच फ्रिगेट पकडली. तिचा आकार त्यांना इतका आवडला, की तिची बाहेरून मापं घेऊन त्यांनी आराखडा तयार केला. आज आपण एखादी वस्तू स्कॅन करून तिचं कॅड मॉडेल करतो, तेच काम, फक्त ओळंबा आणि मोजपट्टी घेऊन. त्या आराखड्यावरून १८०० साली 'लीडा' झाली, आणि मग त्याच वळणाच्या चाळीसहून जास्त फ्रिगेटी.

१८१२ साली असं एक जहाज मुंबईत बांधायचं ठरलं. आराखड्याची प्रत एचएमएस जावा या फ्रिगेटीवर चढवून मुंबईकडे रवाना केली. शिवाय मुंबईत बांधल्या जाणाऱ्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे, आणि मुंबईत मोठ्या पदावर रुजू व्हायला निघालेला एक सेनापती. हे सगळं २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन फ्रिगेट कॉन्स्टिट्यूशनच्या समोर आलं. काही तास तोफा चालल्या. जावाची इतकी चाळण झाली, की जिंकलेल्या अमेरिकनांनी तिचं सुकाणूचं चाक आपल्या जहाजाला लावून घेतलं, कारण त्यांचं गोळ्यानं उडालं होतं, आणि उरलेलं जहाज पेटवून दिलं. मुंबईचा आराखडाही गेला.

कोकणातला एखादा जुना सुतार वादळात गेला असता तर त्याच्याबरोबर त्याची होडीही गेली असती. कागदाचं तसं नाही. लंडनमध्ये मूळ प्रत होती, त्यांनी दुसरी काढून पाठवली. १८१६ साली काम सुरू झालं आणि पुढच्या वर्षी जहाज पाण्यात उतरलं.

पण कागद आला म्हणजे जहाज आलं असं नाही. तो १:४८ चा कागद. त्यातून पूर्ण मापाचा आकार पुन्हा एकदा काढायचा, पट्ट्या वाकवायच्या, नजर लावून सफाई करायची, फर्मे कापायचे, आणि ओकऐवजी सागाची वाकडी खोडं त्या फर्म्यांना जुळवून निवडायची. हे सगळं मुंबईतल्या माणसांनी केलं. फ्रेंचांनी कल्पिलेला, इंग्रजांनी मोजलेला बाक तिसऱ्यांदा मुंबईत जन्माला आला. त्यातली आपल्यापर्यंत पोचलेली नावं बहुतेक वाडियांचीच. एका डोळ्यानं पट्टी बघणाऱ्यांची नावं कोण लिहून ठेवतो?

बॉस्टनकडच्या वाचकांसाठी एक जास्तीची माहिती. मुंबईचा पहिला आराखडा जिच्यामुळे समुद्रात गेला ती कॉन्स्टिट्यूशनही अजून तरंगते आहे, तुमच्या चार्ल्सटाऊनच्या गोदीत. आणि स्कॉटलंडमधल्या डंडी इथे युनिकॉर्न नावाची फ्रिगेट आहे. ती याच लीडा वळणाची, थोडे बदल करून इंग्लंडमध्ये बांधलेली, १८२४ ची. हार्टलपूल ते डंडी गाडीनं एका दिवसात होतं. एकाच आराखड्याच्या मुंबईकर आणि इंग्रज बहिणी बघायच्या असतील तर जरूर जा.

आता त्या पट्टीकडे परत येऊ, कारण पुढची दीडशे वर्षं तिला आकड्यांत पकडण्यात गेली.

लाकडी पट्टी इतकी सुरेख रेघ का देते, हे गणितज्ञांना बरंच आधी कळलं होतं. याकोब बेर्नुली यांनी सतराव्या शतकाच्या शेवटी आणि ऑयलर यांनी १७४४ साली वाकलेल्या पट्टीचं गणित मांडलं. पट्टी आळशी असते. खिळ्यांनी अडवलंय तेवढं सोडून कमीत कमी वाकून ती पडून राहते. आपल्या डोळ्याला जी सफाई वाटते, ती या आळसाची. दोन खिळ्यांमध्ये पट्टी फार वाकलेली नसेल, तर तिची रेघ शाळेतल्या बीजगणितातल्या तिसऱ्या घाताच्या समीकरणाशी जवळपास जुळते. पण हे गणित जहाजाच्या माळ्यावर पोचायचं काही कारण नव्हतं. तिथे खरी पट्टी होतीच की.

विमानांनी परिस्थिती बदलली. विमानाचे हजारो सुटे भाग, दहा ठिकाणी बनणारे, आणि सगळे एकमेकांत बसायला हवेत. कागद दमट हवेत फुगतो, कोरड्या हवेत आकसतो. म्हणून विमानवाले रंगवलेल्या धातूच्या पत्र्यांवर पूर्ण मापात आकार काढायचे. त्या विभागालाही लॉफ्टच म्हणत, मग तो तळमजल्यावर का असेना! अमेरिकेत नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीत रॉय लायमिंग यांनी या पत्र्यांनाही वळसा घातला. मस्टँग या लढाऊ विमानाचं निमुळतं अंग त्यांनी शंकुच्छेदांच्या वक्रांनी, म्हणजे लंबवर्तुळ आणि त्याच्या भावंडांनी, बांधलं. त्यामुळे विमानाच्या पाठीवरचा कुठलाही बिंदू मोजायची गरज नव्हती. तो आकडेमोड करून काढता येई, आणि ओहायोत काढा की कॅलिफोर्नियात, उत्तर एकच येई. त्यांनी १९४४ साली यावर पुस्तकही लिहिलं. संगणक नव्हता, टेबलावरची गणकयंत्रं होती.

त्याच युद्धात रुमानियात जन्मलेले गणितज्ञ आयझॅक शोनबर्ग अमेरिकन लष्कराच्या ॲबरडीन इथल्या प्रयोगशाळेत तोफगोळ्यांच्या तक्त्यांवर काम करत होते. तुकड्यातुकड्यांनी बनलेले पण सांधे न दिसणारे वक्र त्यांना लागत. १९४६ च्या लेखात त्यांनी त्यांना नाव दिलं स्प्लाइन. बदकांखालची पट्टी अशी गणिताच्या भाषेत शिरली.

यानंतरची मोठी गोष्ट पॅरिसमध्ये घडली, एकाच शहरातल्या दोन गाड्यांच्या कारखान्यांत. मला ती कितीदाही सांगायला आवडते.

मोटारीचा बाहेरचा पत्रा म्हणजे नुसता बाक आणि निमुळतेपण. कलाकार चित्र काढी, मग मातीचं किंवा प्लॅस्टरचं मॉडेल होई, त्यावरून नकाशे, नकाशांवरून फर्मे, फर्म्यांवरून लाकडाचं पक्कं मॉडेल, आणि त्यावरून पत्रा दाबायचे साचे. प्रत्येक पायरीला कुणीतरी माणूस थोडीशी 'सुधारणा' करी. शेवटी दार चौकटीत बसलं नाही की भांडण. चूक कुणाची? चित्र म्हणतं एक, नकाशा दुसरं, लाकूड तिसरं. खरा आकार कोणता, हेच कुणाला सांगता येत नसे.

सिट्रोएन कंपनीनं १९५८ साली पॉल द कास्तलजो नावाच्या तरुण गणितज्ञाला नोकरीवर घेतलं. त्यानं वर्षभरात जी युक्ती काढली, ती शाळेतल्या मुलालाही करता येते. कागदावर चार ठिपके काढा आणि ओळीनं जोडा. तीन रेषाखंड होतील. प्रत्येकाचा मध्य काढा, ते तीन मध्य जोडा, दोन रेषाखंड. त्यांचे मध्य जोडा, एक. त्याचा मध्य काढा. हा शेवटचा ठिपका वक्रावरचा. मध्याऐवजी सगळीकडे एक तृतीयांशावर खूण करत गेलात तर वक्रावरचा दुसरा ठिपका मिळेल, एक चतुर्थांशावर केलीत तर तिसरा. बस्स, एवढंच. मध्येमध्ये भागत राहायचं. वक्र पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यातून जातो, मधल्या दोघांच्या जवळून, त्यांच्या ओढीनं वाकत जातो. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्यातून जाते, दक्षिणेकडच्या कोलममध्ये ती ठिपक्यांना वळसा घालते. हा प्रकार कोलमच्या जातीचा. एक ठिपका हलवला की सगळी रेघ हळुवारपणे हलते, आणि तिची सफाई सहसा बिघडत नाही. तोवर सगळे जण वक्रावरचे बिंदू पकडून बसले होते. यानं वक्राबाहेरचे ठिपके पकडले.

सिट्रोएननं हे गुपित ठेवलं. द कास्तलजोचे अहवाल कंपनीच्या कपाटात राहिले.

तिकडे रेनॉ कंपनीत पिएर बेझिए होते. गणितज्ञ नव्हे, यंत्रं बनवणारे इंजिनीअर, १९३३ पासून तिथेच, आणि तोवर पन्नाशीला आलेले. साचे बनवण्याच्या त्या रोजच्या भांडणांना ते कंटाळले होते. त्यांचा विचार वेगळ्या वाटेनं निघाला. एखादा वक्र एका पेटीत बसवला आहे असं समजायचं आणि पेटी तिरकी केली, ताणली, की आतला वक्रही तसाच बदलेल. समीकरणं सोडवून झाल्यावर ते द कास्तलजोच्याच वक्रापाशी पोचले, त्याचं काम न बघता. बेझिएंनी त्यावर युनिसर्फ नावाची पद्धत उभारली. आकड्यांवरून रेघ मारणारं यंत्र आणि आकड्यांवरून फोम कापणारं यंत्र. आता खरा आकार कोणता, याला उत्तर होतं. आकडे सांगतील तो! आणि महत्त्वाचं म्हणजे, बेझिएंना आपलं काम छापू दिलं गेलं. साठच्या दशकात त्यांचे लेख जगभर वाचले गेले, आणि वक्राला नाव पडलं बेझिए वक्र.

द कास्तलजोचे अहवाल सत्तरच्या दशकात वोल्फगांग ब्योम या जर्मन गणितज्ञाच्या पाहण्यात आले. त्यांच्या आग्रहामुळे निदान त्या मध्ये-मध्ये भागायच्या रीतीला द कास्तलजोचं नाव मिळालं. वक्राचं नाव बदललं नाही. बेझिए १९९९ साली गेले, द कास्तलजो २०२२ साली. बेझिएंनी काही लाटलं, असं कुणीच म्हणत नाही. पण मला राहून राहून वाटतं, की कंपनीच्या कपाटात बंद राहिलेलं काम हे जावा जहाजावरच्या आराखड्यासारखं असतं. फरक इतकाच, की आराखड्याची दुसरी प्रत कुणाकडे आहे हे मुंबईला माहीत होतं.

जाता जाता, १९८४ साली आलेल्या पोस्टस्क्रिप्टनं छपाईच्या अक्षरांच्या कडा बेझिए वक्रांनी बांधल्या आणि नंतरच्या अक्षरसंचांनी त्याच जातीचे वक्र घेतले. तुम्ही आत्ता वाचताय त्या ओळीतली प्रत्येक वेलांटी, बोरूनं काढल्यासारखी जाड सुरू होऊन निमुळती होणारी, अशाच चार-पाच ठिपक्यांच्या ओढीनं उभी आहे.

यानंतरचा इतिहास गणितात शिरतो, म्हणून भराभर सांगतो. एमआयटीत स्टीव्हन कून्स यांनी चार वक्रांच्या चौकटीवर पृष्ठभाग ताणून बसवायची रीत काढली. कातडं ताणतात तशीच. जनरल मोटर्समध्ये काम केलेल्या कार्ल द बोअर यांनी आणि इंग्लंडमध्ये मॉरिस कॉक्स यांनी १९७२ साली शोनबर्गच्या स्प्लाइनची आकडेमोड संगणकावर न बिघडता कशी करायची ते दाखवलं. एक मजेशीर अडचण तरीही उरली होती. बेझिए वक्रानं बिनचूक वर्तुळ काढताच येत नाही. अगदी जवळ जातं, पण वर्तुळ होत नाही. माझ्या तुतारीचं तोंड तर वर्तुळच हवं! उपाय असा, की एका समीकरणाला दुसऱ्यानं भागायचं आणि ठिपक्यांना कमीजास्त वजन द्यायचं. मग वर्तुळ, लंबवर्तुळ, सगळं बिनचूक येतं, आणि लायमिंगचे शंकुच्छेदही त्याच घरात राहायला येतात. सिराक्यूज विद्यापीठात केन व्हर्सप्रिल यांनी १९७५ साली या वक्रांवर प्रबंध लिहिला. त्यांना आज नर्ब्ज म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येक कॅडच्या पोटात तेच असतात.

दरम्यान जहाजांचे माळे ओस पडत गेले. नॉर्वेत साठच्या दशकात ऑटोकॉन नावाची प्रणाली आली. तिनं पट्टी वाकवायचं काम संगणकाला दिलं आणि पोलादाचे पत्रे थेट आकड्यांवरून कापले जाऊ लागले. तिच्यासाठी गणित करणारे एव्हन मेलुम यांनी सुरुवात केली ती जुन्या पट्टीपासूनच. कमीत कमी वाकून पडून राहणारी पट्टी संगणकात कशी बसवायची, हाच त्यांचा प्रश्न. गुडघ्यावर बसून रेघा मारणारे पुष्कळजण पडद्यासमोर गेले, पुष्कळजण घरी गेले. आज्ञेचं नाव ठेवताना कुणाला तरी त्यांची आठवण झाली असावी, किंवा नुसती सवय असेल.

मला मात्र त्यांची आठवण तिसऱ्या रविवारी आली. अकरा वर्तुळं म्हणजे अकरा खिळे. प्रत्येक खिळा मी डोळ्यांनी अंदाज करून ठोकलेला, म्हणजे प्रत्येकात मिलिमीटर-दोन मिलिमीटरची चूक, आणि बिचारी रेघ सगळ्यांचं ऐकायला जाऊन फुगवटे काढत होती. माळ्यावरचा माणूस काय करता? मी एकेक वर्तुळ काढून टाकायला लागलो. प्रत्येक वेळी कातडं हलकंसं उडी मारून नीट बसे. सात राहिली, मग पाच, मग चार. तोंडाशी एक, मागच्या कर्ण्याशी एक, मध्ये दोन. बाहेरच्या अंगानं एक मार्गदर्शक रेघ दिली आणि फुगवटे गेले.

मग पट्ट्या लावून पाहिल्या. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. वस्तूवर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे प्रतिबिंबासारखे पाडून दाखवतात. पट्टे वाहत गेले तर पृष्ठभाग साफ, कुठे तुटले किंवा कोनात मोडले तर तिथे खोट. गाडीचा कारखाना अजूनही यावर अवलंबून असतो, कारण सफाई आहे की नाही हे शेवटी कुणाच्या तरी डोळ्याला ठरवावंच लागतं. माझ्या तुतारीच्या मानेशी एक पट्टा अडखळत होता. दुसरं वर्तुळ दीड मिलिमीटरनं लहान केलं आणि तो वाहू लागला.

तीन तुकड्यांत छापली, चिकटवली, पॉलिशपेपर मारला, सोनेरी रंग दिला. ताईंकडे द्यायच्या आधी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, खाली वाकलो, एक डोळा मिटून कडेनं पाहिलं. दुसऱ्या सांध्यापाशी बोटाला लागेल न लागेल असा उंचवटा होता. तो पुन्हा घासला.

ताईंनी तुतारी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. "छान झालीये," म्हणाल्या. "वाजते का?"